जुनेर, टाका आणि सवड : घरगुती गोधडीचा इतिहास

वस्त्रांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. मात्र तो मुख्यतः बाजारात गेलेल्या वस्त्रांचा इतिहास आहे. ढाक्याची मलमल, पैठणची पैठणी, पाटणचा पटोला, कोरोमंडल किनाऱ्यावरची चीट यांची खरेदी-विक्री झाली, त्यांवर जकात बसली, व्यापाऱ्यांच्या वह्यांत त्यांच्या नोंदी झाल्या आणि त्या नोंदींच्या आधारे संशोधकांना त्यांचा मागोवा घेता आला. पांघरुणांच्या बाबतीतही असेच घडले. बंगालमधील सातगाव परिसरात टसर रेशमाने भरलेल्या रजया सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी युरोपात नेल्या. त्यांपैकी काही तेथील संग्रहालयांतून आजही जपलेल्या आहेत. घरातल्याच फाटक्या लुगड्यांची, घरातल्याच माणसांसाठी शिवलेली गोधडी मात्र विकली गेली नाही, म्हणून ती कोणाच्या हिशेबात आली नाही. शिवाय ती अंगावर घेऊन, धुऊन, पुन्हा अंगावर घेऊन विरून जावी यासाठीच केलेली असल्यामुळे ती स्वतःही पुरावा म्हणून मागे राहिली नाही. ज्या वस्तूचे सार्थक झिजण्यात आहे, तिचा इतिहास लिहायचा कसा, हा येथे मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना कागदपत्रांपेक्षा त्या वस्तूकडेच वळावे लागते. तिचे कापड, तिचा टाका आणि तिच्यासाठी काढलेला वेळ हीच तिची कागदपत्रे होत.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत गोधडी आणि वाकळ हे दोन शब्द रूढ आहेत आणि मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दोन्ही सापडतात. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान पांघरूण ते दुपटे. हिंदी प्रदेशात गुदडी आणि कथरी, बंगालात काँथा, उत्तर बिहारात सुजनी, सिंध-राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यात रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजात कवंदी, अशी तिची नावे आहेत. यांतील काँथा आणि कथरी यांचे नाते संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाशी सरळ जुळते. या सर्वांना रजईपासून वेगळे केले पाहिजे. रजईत पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस भरलेला असतो. तिला नवे कापड लागते, विकतचा माल लागतो, बहुधा व्यावसायिकाचा हात लागतो. गोधडीत कापडावर कापड असते आणि ते कापड जुनेर असते. जुनेर या मराठी शब्दाचा नेमकेपणा लक्षात घेण्यासारखा आहे. वापरून मऊ पडलेले, अंगावर नेसण्याच्या लायकीचे न राहिलेले, परंतु टाकून देण्याच्या योग्यतेचेही न झालेले वस्त्र म्हणजे जुनेर. या मधल्या अवस्थेतूनच गोधडीचा जन्म होतो.

कंथेचे उल्लेख जुन्या वाङ्मयात आहेत. परंतु ते बहुतेक विरक्तांच्या संदर्भात आहेत. बौद्ध भिक्षूंचे पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरच्या चिंध्यांचे चीवर, विनयग्रंथांत सविस्तर वर्णिलेले आहे. मगधातील भातशेतांच्या बांधांप्रमाणे चीवराचे तुकडे जोडावेत ही कल्पना आनंदाने प्रत्यक्षात आणली, अशी कथा तेथे येते. नाथपंथी जोग्यांची कंथा, भर्तृहरीच्या वैराग्यशतकातील जीर्ण कंथा, ही त्याच परंपरेची पुढची रूपे होत. कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृतात सनातन गोस्वामींची गोष्ट आहे. राजदरबार सोडून आलेल्या सनातनांच्या अंगावर तीन मुद्रा किमतीची घोंगडी होती. ती चैतन्यांच्या नजरेस खुपते आहे असे जाणवताच ते गंगेच्या काठी गेले. तेथे एका बैराग्याने आपली कंथा धुऊन वाळत घातली होती. तिच्या बदल्यात त्यांनी आपली घोंगडी देऊ केली, तेव्हा त्या बैराग्याला ती थट्टाच वाटली. महाराष्ट्रात डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६-१९५६), चिंध्यांचा पेहराव करून गावोगाव हिंडत. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

या सर्व कथांतील चिंध्या स्वेच्छेने पत्करलेल्या आहेत. म्हणून त्यांना मान मिळाला आणि म्हणून त्यांची नोंदही झाली. संसारातल्या चिंध्यांना हा मान नव्हता. जी बाई आपल्या दोन फाटक्या लुगड्यांतून चार मुलांसाठी एक वाकळ करते, ती वैराग्याचा आदर्श ठरत नाही. ती फक्त गरीब ठरते. आपल्या भाषेतही ‘ठिगळ लावणे’ हा कमीपणाचा शब्दप्रयोग आहे. गुदडीत लाल सापडल्याचे हिंदी म्हणीला कौतुक आहे खरे. पण ते कौतुक लालाचे आहे, गुदडीचे नव्हे. घरगुती गोधडीच्या बाबतीत वाङ्मयाचे मौन का आहे, याचे एक कारण येथे सापडते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे पाहू. दख्खनी गोधडीसाठी प्रथम जुनेरे धुऊन, उन्हात वाळवून, शिवणी उसवून सरळ केली जातात. सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडे पसरतात. त्यावर धोतरांचे धडपे, सदऱ्यांच्या पाठी, परकरांचे घोळ, मुलांचे आखूड झालेले कपडे यांचे थर सुरकुती न ठेवता मांडतात आणि सर्वांत वर दुसरे लुगडे येते. थर सरकू नयेत म्हणून प्रथम लांबलांब कच्चे टाके घालतात. मग जाड सुई आणि पक्का दोरा घेऊन काठापासून आरंभ होतो. एकाआत एक चौकोनी फेरे घेत टाके मध्याकडे सरकतात. टाका एकच, साधा धावदोरा. बंगालच्या कंथेतही मूळ टाका हाच आहे. तेथे जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत धागे उकलून काढीत आणि तेच भरणीला वापरीत, म्हणजे दोराही जुनेराचाच. सुजनीत आकृतींच्या कडा साखळी टाक्याने रेखतात, तरी आतील भराव धावदोऱ्याचाच असतो. कवंदी आणि रल्ली यांचीही हीच कथा. एकमेकींची भाषा न समजणाऱ्या, एकमेकींपासून शेकडो कोस दूर असलेल्या स्त्रियांनी हाच टाका का निवडला असावा?

कापडाचे थर पक्के बसावेत, ही तांत्रिक गरज त्यामागे आहेच. परंतु तेवढ्याने उलगडा पूर्ण होत नाही. जरदोजीला कारचोब लागतो, कापड ताणून बसवावे लागते आणि कारागिराला तेथून हलता येत नाही. फुलकारीत कापडाचे धागे मोजावे लागतात. मोजणी चुकली की नक्षी बिघडते. धावदोऱ्याला चौकट लागत नाही, मोजणी लागत नाही. मूल रडले, दूध उतू जाऊ लागले, सासऱ्यांनी पाणी मागितले, तर सुई आहे तेथे खोचून उठता येते आणि तासाने, दिवसाने किंवा महिन्याने परत येऊन तेथूनच पुढे जाता येते. काम गुंडाळून वलणीवर टाकले की घर पुन्हा मोकळे. थोडक्यात, हा टाका ज्यांच्या वेळेवर त्यांचा स्वतःचा हक्क नव्हता, त्यांचा टाका आहे. कापडाचे तुकडे जसे उरलेसुरले, तशी सवडही उरलीसुरली. गोधडी या दोहोंची मिळून होते. तिच्या तंत्राची घडण कुटुंबाने केली आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरू नये.

या सवडीला ऋतूंचेही बंधन होते. दख्खनमध्ये रब्बीची सुगी उरकल्यानंतर आणि मृगाच्या पेरणीपूर्वी, म्हणजे पापड-कुरडयांच्या वाळवणाच्या दिवसांत, गोधड्या शिवण्याचे काम निघे. बंगालात ते पावसाळ्याच्या दुपारी चाले, कारण चिखलामुळे बाहेरची कामे थांबत. महाराष्ट्रात घटस्थापनेपूर्वी घरातल्या साऱ्या गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुण्याची पद्धत आहे. कोणती विरली, कोठे उसवली, कोणती आणखी एक हिवाळा काढील, याचा निवाडाही त्याच दिवशी घाटावर होतो. एका अर्थी ही घरच्या पांघरुणांची वार्षिक तपासणीच होय.

गोधडी एकटीने शिवली जाते असेही नाही. रल्लीचे थर चटईवर पसरून भोवती चार-पाच जणी बसतात आणि आपापल्या बाजूने टाके घालतात. महाराष्ट्रात सासू-सुना, नणंदा-भावजया, शेजारणी हाताला हात लावतात. गावोगाव हिंडून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या बायाही होत्या. त्यामुळे एकाच गोधडीत कोठे टाका बारीक आणि घट्ट, तर कोठे लांब आणि सैल असतो. जाणत्या डोळ्यांना त्यात अनुभवी हात, शिकाऊ मुलीचा हात आणि दृष्टी मंद झालेल्या म्हातारीचा हात वेगळे ओळखू येतात. नावे कोठेच लिहिलेली नाहीत. परंतु हात शिल्लक आहेत.

शेवट करण्याच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. अनेक चित्रमय कंथांत मध्यभागी उमललेले कमळ आणि चार कोपऱ्यांत चार झाडे किंवा कोयऱ्या असतात. रिकाम्या जागा मग माणसे, पशुपक्षी आणि घरातल्या वस्तूंनी भरतात. उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दी स्त्रियांची रीत वेगळी आहे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. ते हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिन्ही धर्मांचे आहेत आणि त्यांची बोली कोकणीला जवळची असून तीत मराठी-कानडीचे मिश्रण आहे. त्यांची कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते आणि तुकडे जोडत, टाके घालत ती कडेकडेने आत वळत जाते. अखेरीस चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले तिकोनी तुकडे बसवतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे तेथील स्त्रिया मानतात. उपयोगाच्या दृष्टीने या फुलांची काहीच गरज नाही. गरजेचे काम संपल्यावर केलेली ही लहानशी अनावश्यक भर म्हणजे त्या स्त्रीने स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा होय.

तथापि, घरगुती गोधडी पूर्ण होते म्हणजे केवळ वापरायला निघते. काही वर्षांनी वरचे लुगडे विरले की त्यावर दुसरे जुनेर चढवून ती पुन्हा शिवतात. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. आजीच्या लुगड्यावर सुनेचे आणि सुनेच्या लुगड्यावर नातसुनेचे लुगडे, असे थर साचत जातात. कोणते वस्त्र कोणाचे होते, हे घरातल्यांना ठाऊक असते. ते सांगणारी पिढी गेली की गोधडीतील ही नोंद कायमची मुकी होते. जमिनीच्या उत्खननात जसे वरचे थर नवे आणि खालचे जुने, तसेच हे आहे. फरक एवढाच की येथे उत्खनन करायचे तर वस्तूच उसवावी लागते.

गोधडी कोणासाठी, यालाही महत्त्व आहे. तान्ह्या मुलाला नव्या कापडात न गुंडाळता जुन्यात गुंडाळावे, ही समजूत महाराष्ट्र, बिहार आणि बंगाल या तिन्ही प्रांतांत आढळते. धुऊन-धुऊन मऊ झालेले सुती वस्त्र बाळाच्या अंगाला बोचत नाही, हे त्याचे उघड कारण; वडीलधाऱ्यांच्या अंगावरून उतरलेले वस्त्र त्याला दृष्ट लागू देत नाही, ही त्यामागची भावना. रल्ली मुलीबरोबर सासरी जाई. बंगालात पोथी गुंडाळण्यासाठी, आरशासाठी, उशीसाठी वेगवेगळ्या आकाराच्या कंथा होत. कोलकात्याजवळील जोका येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी या स्त्रीची एक कंथा आहे. आपण ती स्वहस्ते वडिलांसाठी केली, असे तिने टाक्यांतच लिहून ठेवले आहे. अशी नाव सांगणारी कंथा अपवादात्मक. जसीमुद्दीन यांच्या ‘नकशी काँथार माठ’ (१९२९) या बंगाली काव्यात साजू आपल्या दुःखाची कहाणी कंथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरावी अशी इच्छा व्यक्त करते. लिहिता न येणाऱ्या स्त्रीचे आत्मकथन म्हणून कंथेकडे पाहण्याची दृष्टी या काव्याने वाचकांना दिली.

विसाव्या शतकात संग्राहकांचे लक्ष इकडे वळले. सनदी नोकरीत असलेले गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांनी बंगालच्या खेड्यांतून कंथा जमवल्या. त्यांच्या संग्रहातूनच १९६३ मध्ये जोका येथील संग्रहालय उभे राहिले. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली कंथेवर महत्त्वाचा निबंध लिहिला आणि त्यांनी जमवलेल्या कंथा पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील कलासंग्रहालयात गेल्या. ढाक्याच्या नियाझ झमान यांचा कंथेवरील ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला; महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु संग्रहालयांत पोहोचल्या त्या प्रामुख्याने चित्रमय, भेटीदाखल केलेल्या, पेटीत जपून ठेवलेल्या कंथा. रोज रात्री अंगावर घेतली ती पोहोचली नाही. म्हणजे ज्या कंथा वापरल्या गेल्या नाहीत, त्यांवरून आपण वापराच्या वस्तूचा इतिहास लिहीत आलो आहोत. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यास गोधडी ही जणू निवांत वेळेची कलाकुसर होती, असा गैरसमज होतो. वस्तुतः थंडीचे निवारण हे तिचे पहिले काम होते.

याच गैरसमजातून तिचे अवास्तव गौरवीकरणही होते. आईची माया, घराची ऊब ही विशेषणे खोटी नव्हेत. पण ती पुरेशी नाहीत. हे श्रम होते आणि त्यांचे मोल कोणी केले नव्हते. घरच्या हस्तकामाचा भार किती होऊ शकतो, याचे उदाहरण कच्छमध्ये मिळते. मुलीच्या पाठवणीसाठी लागणारे भरतकाम पुरे होईपर्यंत तिची पाठवणी लांबू लागली, त्याचा खर्चही पेलवेना. तेव्हा १९९५ साली तेथील ढेबरिया रबारी समाजाने भरतकामावरच बंदी घातली. परंपरा जपावी असे बाहेरून म्हणणे सोपे असते. तिचा हिशेब घरातल्या मुलीच्या आयुष्यात चुकता होत असतो.

हे श्रम मजुरीत रूपांतरित होण्याचा काळ गेल्या चार-पाच दशकांचा आहे. बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ च्या सुमारास पाटण्याच्या ‘अदिती’ संस्थेच्या विजी श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने सुजनीचे काम नव्याने उभे राहिले. बाळाच्या दुपट्याची ही कला आता नव्या कापडावर आली. तीत हुंडा, दारूपायी होणारी मारहाण, मुलींची उपेक्षा असे विषय स्त्रिया टाक्यांनी मांडू लागल्या. सुजनीला २००६ मध्ये आणि पश्चिम बंगालच्या नकशी कंथेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भुसुराच्या निर्मला देवी यांना २०२५ साली पद्मश्री देण्यात आली. सिद्दी स्त्रियांच्या कवंदीही एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अभ्यासकांच्या आणि ग्राहकांच्या नजरेत आल्या. जिच्या कष्टाला घरात किंमत नव्हती, तिच्या हाती पैसा आला, गावाबाहेर पाऊल पडले, कामावर नाव लागले. या लाभाला उणे लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र या बदलात वस्तूचा स्वभावही पालटला, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे. विक्रीच्या गोधडीला नवे कापड लागते, ठरलेले माप लागते, ठरलेली तारीख लागते. तिचा टाका सर्वत्र सारखा असावा लागतो. अनेक हातांची खूण तेथे दोष ठरते. सवडीच्या जागी तास आले. दुसरीकडे घरातले जुनेरच बदलले. नऊवारी सुती लुगडे मागे पडून सहावारी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, त्यांचे थर एकमेकांवर बसत नाहीत, सरकतात. विकतची ब्लँकेटे स्वस्त झाली. गोधडी मागे पडली ती केवळ आवड उरली नाही म्हणून नव्हे. तिचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला.

म्हणून आज ज्या घरगुती गोधड्या उरल्या आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची पद्धत बदलणे आवश्यक आहे. संग्रहालयाच्या नोंदीत प्रांत, काळ, लांबी-रुंदी आणि ‘कारागीर अज्ञात’ एवढे लिहून भागणार नाही. थर किती, कोणत्या थरात कोणाचे वस्त्र, किती वेळा वरचे लुगडे बदलले, किती हातांचे टाके दिसतात, कोठे झिजली आणि का, हे विचारले पाहिजे. आणि सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवरच विचारले पाहिजे. खांद्याजवळ विरलेली आणि पायाशी धड असलेली गोधडी ती पांघरणाऱ्याच्या निजण्याची सवय सांगते; एका बाजूला नव्या जुनेराने रुंद केलेली गोधडी घरात आणखी एक मूल आल्याचे सांगते. राजे, लढाया आणि तहनामे यांच्या इतिहासात अशा तपशिलांना जागा नव्हती. घराचा इतिहास लिहायचा झाला तर तो याच तपशिलांतून लिहावा लागेल, आणि तो लिहिताना एक गोष्ट विसरता येणार नाही : जे वस्त्र आपल्या हाती पुरावा म्हणून आले, ते कोणाची तरी रात्र उबदार करण्याचे काम पूर्ण होण्याआधीच आपल्याकडे आले आहे, आणि ज्या असंख्य गोधड्यांनी ते काम पूर्ण केले, त्यांचा एक धागाही आपल्याला मिळणार नाही.